घोड्याचा नाच : माळेगाव ते आखेन

(विष्णुपुरी येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली वळणे शक्य तिथे तशीच ठेवली आहेत.)



आजचा विषय ऐकून काही जणांनी दारातच विचारलं, की समीक्षा तर पुस्तकाची करतात, नाटकाची करतात, घोड्याची कसली समीक्षा? प्रश्न रास्त आहे. पण जिथे सादरीकरण आहे, प्रेक्षक आहे, बक्षीस आहे, तिथे बरं-वाईट सांगणारंही कुणीतरी पाहिजे. माळेगावच्या यात्रेत घोडा नाचतो तेव्हा हजारो माणसं भोवती असतात. टाळ्या पडतात, नोटा उधळल्या जातात. पण तो नाच चांगला होता का, आणि चांगला म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणी बोलत नाही. आम्हीही बोललो नव्हतो. साठी उलटल्यावर परदेशात एक ड्रेसाजचा खेळ पाहिला आणि मग बोलावंसं वाटलं.

आधी आमची ओळख सांगतो, म्हणजे आमचा पक्षपात कुठे आहे ते तुम्हाला कळेल. आमचं गाव लोह्याच्या अंगाला. घरात घोडी होती. वडिलांना घोड्याचा इतका नाद, की बैल विकत घेताना ते अर्ध्या तासात सौदा करून येत आणि दुसऱ्याच्या घोड्याचा भोवरा कुठे आहे हे बघायला दिवस घालवत. देवमण कुठला, कुमैत कशाला म्हणतात, पंचकल्याणी आणि नुकरा यांत काय फरक, हे आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ झालं. खंडोबा घोड्यावर बसतो, त्यामुळे घोडा आमच्याकडे अर्धा देवच. आणि इकडे नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्यात दसऱ्याला आणि होळीला हल्ला निघतो. गुरू गोविंदसिंगांच्या घोड्याच्या वंशातले मानले जाणारे घोडे त्यात सजवून बाहेर काढतात. ते बघायला वडील आम्हाला खांद्यावर घेऊन उभे राहायचे. तिकडे हिंगोलीला हैदराबाद कॉन्टिन्जंटची छावणी होती, रिसाले होते. म्हणजे हा मुलूख घोड्यांचाच. आता घोडे गेले आणि बोलण्यात तेवढे उरले. तोबरा भरतो, लगाम घालतो, वरातीमागून घोडं नेतो. तोबरा प्रत्यक्षात किती जणांनी पाहिलाय? (हशा) बघा, चार हात वर आले.

असो. आमची मुलगी इथेच, या विष्णुपुरीतल्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकली आणि पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीत आखेनला गेली. आखेनचं तंत्रविद्यापीठ तुमच्यापैकी बऱ्याच विद्यार्थ्यांना माहीत असेल. आम्ही नवरा-बायको उन्हाळ्यात तिच्याकडे गेलो. तिने चर्च दाखवलं, बाजार दाखवला, आणि मग म्हणाली, ‘‘बाबा, तुमच्यासाठी एक गंमत आहे.’’ आखेनमध्ये दरवर्षी घोड्यांचा मोठा मेळा भरतो. पहिली स्पर्धा १९२४ ची. शहराच्या कडेला झोअर्स नावाचा भाग आहे, तिथे घोड्यांसाठी कायमची स्टेडियमं बांधलेली आहेत. उड्यांचं वेगळं, ड्रेसाजचं वेगळं. आमच्या सौ. म्हणाल्या, ‘‘अहो, हे तर माळेगावच आहे, फक्त रेवड्या नाहीत.’’

ड्रेसाज हा शब्द ऐकून आमच्या एका मित्राला वाटलं होतं की घोड्यांना कपडे घालतात. तसं नाही. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ शिकवणं, वळण लावणं. साठ मीटर लांब, वीस मीटर रुंद वाळूचं मैदान, कडेने अक्षरं लावलेली. एका वेळी एकच घोडा आत येतो. मधोमध थांबतो, स्वार मान लववून नमस्कार करतो आणि खेळ सुरू. ठरलेल्या अक्षरापाशी ठरलेली हालचाल करायची. कदम, दुडकी, चौफेर, आडवं चालणं, जागच्या जागी गिरकी, धावता धावता प्रत्येक ढांगेला पुढचा पाय बदलणं. प्रत्येक हालचालीला शून्य ते दहा गुण, आणि परीक्षक एकाच बाजूला नाही, मैदानाच्या वेगवेगळ्या बाजूंना बसलेले. कारण घोडा समोरून सरळ दिसतो तो बाजूने वाकडा असू शकतो. शेवटी टक्के निघतात.

आपला याच्याशी संबंध काय? २६ सप्टेंबर २०२३ ला हांगझोच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या संघाने याच प्रकारात सुवर्ण घेतलं. अनुष अगरवाला, मुंबईचा हृदय छेडा, दिव्यकृती सिंह, इंदूरची सुदीप्ती हजेला. गुण २०९.२०५. घोडेस्वारीतलं याआधीचं सुवर्ण १९८२ चं, दिल्लीतलं. अनुषने वैयक्तिक कांस्यही घेतलं आणि पुढच्या वर्षी पॅरिसला ऑलिम्पिकच्या ड्रेसाजमध्ये उतरणारा तो पहिला भारतीय ठरला. बातमी आली त्या दिवशी आमच्या गल्लीत पेढे वाटले गेले, पण नेमकं काय जिंकलं ते कुणालाच सांगता येईना. आम्हालाही नाही, खरं सांगायचं तर. घोडा हा आपला विषय, असं आम्ही आयुष्यभर मिरवलं आणि आपल्याच सुवर्णपदकाचा खेळ आपल्याला कळत नाही, ही गोष्ट टोचली होती. म्हणून मुलीने तिकिटं काढली तेव्हा आम्ही एका पायावर तयार झालो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. पाऊस भुरभुरत होता. पहिल्या दोन घोड्यांचं काही कळलं नाही. तिसऱ्या घोड्याने मैदानाच्या एका बाजूला येऊन पियाफ केला आणि आम्ही बाकावरून उठलो. पियाफ म्हणजे दुडकी, पण जागच्या जागी. तिरपे पाय जोडीने उचलायचे, पुढचा उजवा आणि मागचा डावा, मग उलट, आणि पुढे सरकायचं नाही. अहो, हा तर आमच्या वरातीचा नाच! हलगीवर हेच होतं! बायकोने हात धरून खाली बसवलं, कारण त्या स्टेडियममध्ये घोडा खेळत असताना कुणी चूं करत नाही. हजारो माणसं आणि ऐकू काय येतं, तर घोड्याचं फुरफुरणं आणि खोगिराच्या चामड्याचा आवाज.

पण पाच-सहा घोडे पाहिल्यावर लक्षात आलं की हे आपल्या नाचासारखं आहे आणि नाहीही. फरक कुठे आहे ते जरा बारकाईने सांगतो, कारण सगळी समीक्षा तिथेच आहे.

चांगल्या पियाफमध्ये घोड्याचा मागचा भाग खाली येतो. मागचे गुडघे दुमडतात, वजन मागच्या पायांवर जातं, पाठ वर येते, गोल होते आणि पुढचे पाय हलके होतात. वजन मागे नीट पेललेलं असतं, म्हणून पुढचे पाय सहज उचलले जातात. आपल्या नाचात बहुतेक वेळा उलटं असतं. मान ताठ वर खेचलेली, पाठ खोलगट पडलेली, पुढचे पाय छातीपर्यंत येतात आणि मागचे पाय नुसते टाकले जातात. प्रेक्षक पुढचे पाय बघतो, ते उंच दिसतात, टाळी पडते. मागे कुणी बघत नाही. घोडा पाठ खोलगट का करतो? तोंडात दुखतं म्हणून. तोंड वर उचलून तो कडियाळ्यापासून सुटायला बघतो. म्हणजे ज्याला आपण डौल म्हणतो, त्यातला बराचसा भाग सुटकेची धडपड आहे. हे आम्हाला आखेनच्या पावसात बसून कळलं, आणि पुढचा अर्धा तास आम्ही मैदानाकडे बघत होतो खरं, पण दिसत वेगळंच होतं.

दिसत होती चंद्री. आमची घोडी. वडिलांनी माळेगावच्या यात्रेतून आणली होती, पंचकल्याणी कुमैत, अंगाने बारीक, कान आतल्या बाजूला वळलेले. दोन वर्षं तिच्यावर आम्ही बिनखोगिराचे बसलो. मग एका चाबूकस्वाराने वडिलांना सांगितलं, की जनावर नाचाचं आहे, वाया घालवू नका. दोन खांब रोवले. दोन्ही बाजूंनी दोर बांधून चंद्रीला मध्ये उभं केलं. समोर हलगी आणि पायाला काठी. महिनाभरात ती नाचायला लागली. पुढे लग्नसराईत तिला सुपाऱ्या यायच्या, यात्रेत तिच्याभोवती कडं पडायचं, आणि लगाम धरायचा मान आमचा. शाळेतल्या कुठल्याही बक्षिसाचा आम्हाला एवढा अभिमान वाटला नाही. लगामाला हिसका दिला की तिची मान कमानीसारखी व्हायची. हिसका आम्ही देत होतो. म्हातारपणी तिला चारा चावेना, म्हणून वडिलांनी तोंड उघडून पाहिलं. जिभेवर आडवी खोल रेघ होती, जुनी, भरून आलेली, आणि हिरड्यांवर गाठी. वडील काही बोलले नाहीत. खांब उपटून त्यांनी गोठ्याला लावले.

हे दोन खांब फक्त आपल्याकडेच आहेत असं समजू नका. फ्रान्सचा राजा तेरावा लुई, त्याचा घोडेस्वारीचा गुरू प्लुव्हिनेल याने घोड्याला दोन खांबांमध्ये बांधून शिकवायची पद्धत रूढ केली. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये, जिथे ते पांढरे लिपिझानर घोडे नाचतात, त्या झुंबरांच्या दिवाणखान्यात आजही मधोमध दोन खांब आहेत. साधन तेच. त्यामुळे ते सुधारलेले आणि आपण रानटी, असं म्हणून आजचं व्याख्यान संपवता येत नाही. तसं संपवलं असतं तर सोपं गेलं असतं.

कारण आखेनमध्येही आम्ही तोंडं पाहिली. आमची जागा स्वस्तातली, कोपऱ्यातली, पण त्याच कोपऱ्यातून घोडे वळायचे, त्यामुळे तोंड दहा हातांवर यायचं. एक मोठा काळा घोडा आला. काय जनावर होतं! दुडकीत त्याचे पाय जमिनीला लागतात की नाही असं वाटावं. पण शेपूट सारखी फडकत होती, कान मागे, ओठ उघडे, आणि नाक छातीकडे ओढलेलं. यांच्याच आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांत लिहिलंय की मानेचा सर्वांत उंच भाग कानांमागचा असावा आणि नाक उभ्या रेषेच्या किंचित पुढे असावं. खेळाचा हेतूही तिथे लिहिलाय, की घोडा आनंदी खेळाडू व्हावा. त्या काळ्या घोड्याचं नाक रेषेच्या चांगलं मागे होतं. तरी पडद्यावर टक्के भरघोस आले. त्याच्यानंतर एक तांबूस घोडी आली, चालीला साधी, पाय फार उंच नाहीत, पण तोंड मिटलेलं, पाठ डोलणारी, थांबली तेव्हा चारही पाय चौकोनात. तिला कमी गुण. माळेगावच्या कड्यातली माणसं ज्याला भुलतात त्यालाच आखेनचे परीक्षकही भुलले, असं आमचं स्पष्ट मत आहे. आम्ही परीक्षक नाही, चुकत असू. पण त्या दोन घोड्यांतला कोणता घरी न्याल, असं विचारलं तर आमच्या वडिलांनी क्षणाचाही विचार केला नसता.

आणि हे फक्त आमचं मत नाही, तिकडे यावरून गेली वीसेक वर्षं मोठे वाद चालू आहेत. मान छातीपर्यंत ओढून सराव करण्याच्या पद्धतीवर टीका झाली, निदर्शनं झाली. २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकच्या तोंडावर ब्रिटनची शार्लट ड्यूजार्डिन, लंडन आणि रिओची सुवर्णविजेती, हिचा एक जुना व्हिडिओ बाहेर आला. शिकवताना ती घोड्याच्या पायांवर लांब चाबकाने वारंवार मारताना दिसत होती. तिने स्पर्धेतून माघार घेतली आणि पुढे तिच्यावर वर्षभराची बंदी आली. तिचा व्हॅलेग्रो घोडा आम्ही यूट्यूबवर किती वेळा पाहिला असेल! संगीतावर नाचणारा तो घोडा बघून आमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आता तोच व्हिडिओ लावला की आम्ही त्याचे कान बघतो. कान पुढे आहेत, शेपूट शांत आहे. म्हणजे तो घोडा बरा होता, असं समजायचं का? आम्हाला ठामपणे सांगता येत नाही.

अडीच हजार वर्षं होत आली, झेनोफन नावाच्या ग्रीक सेनानीने घोडेस्वारीवर पुस्तक लिहिलं. त्याचा मुद्दा असा, की जबरदस्तीने करून घेतलेली हालचाल घोडा समजून करत नाही, आणि नर्तकाला चाबूक मारून नाचवलं तर त्यात जेवढं सौंदर्य असेल तेवढंच तिच्यात असतं. हा माणूस युद्धावर गेलेला, फौजा हाकलेला. घोड्याविषयी कळवळा म्हणून तो बोलत नव्हता. त्याला घोडा सुंदर दिसायला हवा होता, आणि भेदरलेला घोडा सुंदर दिसत नाही, एवढंच त्याचं म्हणणं होतं. हे आम्हाला फार पटतं. दया हा एक मुद्दा झाला, तो आहेच. पण निव्वळ कला म्हणून बघितलं तरी दुखणाऱ्या तोंडाचा नाच हा वाईट नाच आहे.

जाता जाता एक गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय या खेळावर अन्याय होईल. ऑलिम्पिकमध्ये हा खेळ १९१२ पासून आहे, पण १९४८ पर्यंत फक्त लष्करी अधिकाऱ्यांसाठी. साधा शिपाईसुद्धा चालत नसे. १९५२ ला बायकांना आणि इतरांना परवानगी मिळाली, आणि त्याच वर्षी डेन्मार्कच्या लिस हार्टेलने रौप्य घेतलं. पोलिओने तिचे गुडघ्याखालचे पाय लुळे झाले होते. घोड्यावर चढवायला आणि उतरवायला माणूस लागायचा. टाच मारायला पाय नाही, तर घोड्याला सांगायचं कशाने? बसण्याने, पाठीने, वजनाने. घोडा ऐकत होता. हा प्रसंग आठवला की ड्रेसाजवरचा आमचा राग निम्मा होतो. या कलेत खरं काय शक्य आहे ते तिथे दिसतं.

आता माळेगाव. आखेनहून आल्यावर त्याच वर्षी मार्गशीर्षात यात्रेला गेलो. तुम्हाला माहीतच आहे, इथून लातूरच्या रस्त्याने लोहा सोडलं की पुढे. वद्य चतुर्दशीला पालखी निघते, येळकोट येळकोट होतं, वाघ्या-मुरळी, कुस्त्या, तमाशाच्या कनाती, आणि माळावर घोड्यांचा बाजार. आम्ही दोन दिवस फक्त तोंडं बघत फिरलो. एका व्यापाऱ्याने हटकलं, ‘‘मालक, पाय बघा, छाती बघा, तोंडाला हात लावू नका.’’ आम्ही म्हटलं, का हो? तर म्हणाला, ‘‘चावंल.’’ घोडं गरीब होतं, चावणारं नव्हतं. कडियाळ्याला आतून दाते होते.

हे कायद्याने चालत नाही, बरं का. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी १९६५ चे केंद्राचे नियम आहेत. टोकदार काठी, काट्यांचं कडियाळं, अणकुचीदार साज, यांना त्यात मनाई आहे. साठ वर्षं होऊन गेली. नियम दिल्लीत आहे आणि कडियाळं माळावर उघड्यावर विकायला मांडलेलं आहे, पथारीवर, घुंगरांच्या शेजारी.

पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक म्हातारा दिसला. डोक्याला मळकं मुंडासं, बरोबर दहा-बारा वर्षांचा नातू. घोडी अबलख, वयस्कर. हलगीवाला पोरगाच होता, तोही शिकाऊ. म्हाताऱ्याच्या हातात लगाम नव्हता, नुसता मोहरकीचा दोर, तोही सैल. त्याने जिभेने टक् टक् केलं आणि घोडी नाचायला लागली. पाय फार उंच नाहीत. पण आम्ही मागे जाऊन बघितलं. मागचे पाय दुमडत होते! पाठ गोल होती, शेपूट सैल, एक कान म्हाताऱ्याकडे आणि एक हलगीकडे. हलगी चुकली तेव्हा घोडी थांबली. (हशा) खरंच थांबली, आणि म्हाताऱ्याने नातवाला टपली मारली, घोडीला नाही. चारी बाजूंनी भोंगे चालू, कुठे फटाका वाजतोय, माणसं अंगावर येतायत, आणि ती घोडी त्या सगळ्यात शांत. आखेनच्या त्या निःशब्द स्टेडियममधल्या कितीतरी घोड्यांना हे जमलं नसतं, हे आम्ही लिहून देतो.

तिच्याभोवती आम्ही धरून नऊ माणसं होती. पलीकडच्या कड्यात एक पांढरा घोडा मागच्या पायांवर उभा राहत होता, तोंडातून लाल फेस येत होता, तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. आम्ही म्हाताऱ्याला विचारलं, बाबा, हिला असं कुणी शिकवलं? तो म्हणाला, ‘‘शिकवायचं काय त्यात, हिच्या आईला माझ्या बापानं शिकवलं, ही बघत होती.’’ असं घोडं बघून शिकतं का? शास्त्र काय म्हणेल ते म्हणो, आम्ही त्याच्याशी वाद घातला नाही.

तर आमचं म्हणणं एवढंच आहे, की ही कला आपल्याकडे आहे, तिचे उस्तादही आहेत, पण बघणारा नाही. आखेनला निदान कागदावर मोजमाप आहे, म्हणून तिथले लोक परीक्षकांना धारेवर धरू शकतात. आम्ही धरलं, आत्ता, तुमच्यासमोर. मैदानाबाहेर तिथे पंच उभा असतो आणि घोड्याच्या तोंडातली साधनं तपासतो. नाकावरचा पट्टा किती घट्ट आहे हे मोजायला २०२५ पासून त्यांनी मापही आणलंय. आपल्या यात्रेत अश्व, श्वान, कुक्कुट प्रदर्शन भरतं, पशुवैद्य हजर असतात, बक्षिसं देतात. तिथेच नाचाच्या घोड्यांची तोंडं उघडून बघायला किती वेळ लागणार? एका घोड्याला एक मिनिट. दात्यांचं कडियाळं असेल तर बक्षीस नाही. त्या म्हाताऱ्याला हे सांगितलं असतं तर तो बहुधा हसला असता, त्याच्या घोडीच्या तोंडात काहीच नव्हतं. अडचण पांढऱ्या घोड्यावाल्याची होईल. आणि त्याचंही पोट आहे, सुपारी त्यालाच मिळते, कारण तुम्ही-आम्ही त्याच्याच कड्यात उभे राहतो. त्याच्याशी बोलावं लागेल. नुसती जप्ती करून तो रात्रीत दुसरं विकत घेईल, पथारी शेजारीच आहे.

वेळ झालाय, आयोजक घड्याळ दाखवतायत. प्रश्न घेऊच. त्याआधी एक. टेबलावर जी वस्तू फडक्यात गुंडाळून ठेवली आहे, ती चंद्रीची. वडील गेल्यावर माळ्यावर सापडली. ती पुढच्या रांगेपासून मागे फिरवतो. मधल्या दांडीवरून अंगठा फिरवून बघा, हळू, अजून बोथट झालेली नाही. हं, विचारा. मागे त्या ताईंनी हात वर केलाय, आधी त्यांना माइक द्या.